पुढची ओळ हिराबाईची

हिराबाई गेल्याची बातमी ठमाबाईनं आणली. दवाखान्यातली रांग ओलांडून ती सरळ माझ्या टेबलापाशी आली. "डाक्टर, हिरी गेली. निजल्या जागीच. सकाली उठवाया गेले त…" त्याला आता महिना होऊन गेला. पण खरं सांगू? हिराबाईवर लिहायला बसलो की रडू येण्याआधी हसूच येतं, आणि पाठोपाठ अंगावर काटा. या बाईनं मला डॉक्टरकी शिकवली, आणि त्याच बाईला एकदा मी जवळजवळ मारलीच होती!

हिराबाई पनवेलजवळच्या मिठागरावरच्या गावातली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीनं धवले गायल्याशिवाय काही पुढं सरकत नाही. ओळी दोघींनी आळीपाळीनं म्हणायच्या. एकीची संपते न संपते तोच दुसरी पुढची उचलते. ठमाबाई तिची जोडीदारीण. अकरा वर्षांपूर्वी मिठाची पाटी उतरवताना हिराबाईच्या छातीत कळ आली. हृदयविकाराचा झटका. तेव्हाचा उपचार म्हणजे सहा आठवडे अंथरूण, कूससुद्धा दुसऱ्यानं बदलायची. मीही तेच सांगितलं. सहा आठवड्यांनी पाहतो तर पायांच्या काड्या झालेल्या आणि डोळ्यांतला खट्याळपणा पार विझलेला. म्हणाली, "वैशाखान नातीचा लगीन हाय. मना धवले गावाचा हाय, डाक्टर. मंग मेले तरी चालल." मी नको म्हटलं असतं तरी ती गाणारच होती, आणि तशा कमजोर छातीनं गायली असती तर मांडवातच आटोपली असती.

परदेशात काही डॉक्टर अशा रुग्णांना लवकर उठवून थोडंथोडं चालवू लागलेत, एवढं मी वाचलं होतं. किती चालवायचं, कुठं थांबवायचं, हे पनवेलमध्ये विचारणार कुणाला? हृदयाचा आलेख काढायचा तर मुंबई गाठायला हवी. माझ्याजवळ स्टेथोस्कोप, सेकंदकाट्याचं घड्याळ आणि उरण रस्त्यावरचे तारेचे खांब! पहिल्या दिवशी एकच खांब. निघताना नाडी, पोचल्यावर नाडी, पाच मिनिटं बसून पुन्हा नाडी. पण मधल्या वाटेत दम लागला तर कळणार कसं? तोड हिराबाईनंच काढली. "मी गात चालते. ओल मधीच तुटली का बसते." मी खुर्चीतून उठून टाळीच वाजवली. यंत्राबिंत्राची गरजच काय, बाईचा गळाच यंत्र!

मग काय, रोज सकाळी आमची मिरवणूक. पुढं दोघी गात, मागं वीस पावलांवर मी. पुरुषमाणूस शेजारून चालला तर गाव बोलेल ना. दोन खांब झाले, तीन झाले, पाच झाले. बाजारात मासळीवाल्या मला हटकून विचारत, "डाक्टर, आज कवरं खांब?" गाणं अखंड चालू, मी हवेत. सहाव्या दिवशी उत्साहाच्या भरात एकदम सात खांब सांगितले. सातव्यापाशी गाणं चालूच होतं आणि हिराबाई मटकन खाली बसली. ओठ काळेनिळे, कपाळ घामानं निथळलेलं. गाणं तरीही चालूच… कारण गात होती ती ठमाबाई! दोन दिवस हिराबाईचा दम तुटला की तिच्या ओळी हीच म्हणत होती. आळीपाळीची सवय, दोघींचे आवाज मिळतेजुळते, आणि माझा कान गाण्याच्या बाबतीत अगदीच दगड. "तिना सांगितला व्हता," ठमाबाई रडत म्हणाली, "डाक्टरला कलला त लगनान गावाचा बंद करल." मी गुडघे टेकून तिची नाडी धरली. पंधरा मिनिटांनी तिच्या ओठांवर रंग आला. मी रस्त्यावरच फतकल मारली आणि दोघींवर असा ओरडलो, की त्यानंतर कधी कुणावर ओरडलो नाही. खरं तर ओरडायला हवं होतं ते स्वतःवर.

दहा दिवस विश्रांती, मग पुन्हा एका खांबापासून. आता नियम दोन. हिराबाईनं एकटीनं गायचं, ठमाबाईनं तोंड मिटून चालायचं. आणि मी शेजारून चालणार, गाव काय बोलायचं ते बोलो! वैशाखात सात खांब झाले, ओळ कुठं तुटली नाही. लग्नात मी तिला पाटावर बसवली, तीन धवल्यांनंतर भर मांडवात मनगट धरून नाडी मोजली. ठीक! अगदी ठीक! आनंदाच्या भरात मी टोपी उडवली ती थेट नवऱ्यामुलाच्या मुंडावळ्यांवर. त्यानंतर ती अकरा वर्षं गायली.

आजही हृदयाच्या रुग्णांना मी त्याच खांबांवरून चालवतो. कुणी आरती म्हणतं, कुणी पाढे. जोडीदारानं मात्र गप्प राहायचं.

परवा ठमाबाई म्हणाली, "चला, तिच्या खांबापत जाऊन येऊ." गेलो. सातव्या खांबाशी तिनं ओळ म्हटली आणि सवयीनं थांबली. पुढची ओळ हिराबाईची. मला राहवेना. इतकी वर्षं ऐकून शब्द पाठ होते, बेसूर का होईना, मी ती ओळ उचलली. अर्ध्यावर आवाजच फुटेना.

ठमाबाईनं माझं मनगट धरलं. "बसा खाली, डाक्टर," ती म्हणाली. "ओल तुटली."