मोरे आमच्या हॉलमध्ये राहतात

माझ्या नवऱ्याच्या साहेबांनी नव्या बंगल्यात अरोवाना मासा ठेवला. वास्तुशास्त्राप्रमाणे त्याने घराची भरभराट होते म्हणे. वास्तुशांतीचं जेवण करून आम्ही परत आलो. नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी मॅनेजर आहे. दुसऱ्याच्या मालात खोट काढल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. चपला काढता काढता तो म्हणाला, की अरोवाना काय, आता कुणाकडेही असतो. शेवटी गोड्या पाण्यातला मासा तो, त्यात माणसाचा काही कस लागत नाही.

महिन्याभरात आमच्या हॉलमध्ये पाच फुटी काचेची टाकी आली आणि घरात समुद्र तयार करायचं काम सुरू झालं.

नगरमध्ये आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी सोसायटीतल्या बायका पिंपं घेऊन धावतात. आता त्यांच्या पुढे माझा नवरा धावायला लागला. ते पाणी आधी मशीनमधून गाळून अगदी बेचव करायचं आणि मग त्यात डब्यातलं परदेशी मीठ घालून ते खारट करायचं, असा सगळा प्रकार. माझ्या सासूबाई पाथर्डीकडच्या. एकेका हंड्यासाठी त्या किती चालल्या असतील याचा हिशोब नाही. त्यांनी दोन दिवस हे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "खारंच करायचं हुतं, तर आपल्या बोअरचं काय वाईट हाय?"

नवऱ्याने त्यांना क्षारता म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि उरलेलं गाळीव पाणी तुळशीला घातलं.

पहिल्यांदा छोटे, रंगीत मासे आले. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन, निळे चार. एक काटेरी पंखांचा होता, त्याला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती. मला ते आवडले होते. शाळेत शिकवून आल्यावर चहा घेत मी त्यांच्यासमोर बसायची. पण साहेब बघायला येतील तेव्हा एवढ्यावर भागणार नाही असं नवऱ्याला वाटलं, म्हणून आम्ही पुण्याला जाऊन ईल, म्हणजे सापासारखा लांब मासा, आणला. येताना पाण्याची ती फुगवलेली पिशवी माझ्या मांडीवर होती. आत हातभर लांबीचं, तपकिरी ठिपक्यांचं काहीतरी एकसारखं तोंड उघडत-मिटत होतं. शिरूर येईपर्यंत मी खाली बघितलं नाही.

त्याची जात मोरे ईल. नवऱ्याने हे घरात पहिल्यांदा जाहीर केलं तेव्हा सासूबाईंनी आदराने मान डोलावली. त्यांच्या माहेरच्या गावात मोऱ्यांची चार घरं होती. तेव्हापासून त्या त्याला अहो-जाहो करतात.

मोऱ्यांनी पहिल्या आठवड्यात निळे मासे संपवले, दुसऱ्यात पट्ट्यांचे. रोज सकाळी मी मोजायची आणि दर दोन-तीन दिवसांनी एखादा कमी भरायचा. नवरा म्हणाला, की निसर्गात हे असंच असतं, यात भावनिक होण्यासारखं काही नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्या घरातला हा कर्ता पुरुष आता दर रविवारी नाकाला रुमाल लावून मासळी बाजारात कोळंबी निवडत उभा राहायचा. ती ठेवायला बाल्कनीत वेगळा फ्रीज आला. स्वतःच्या ताटातल्या कांदाभजीवर कधी एक शब्द न बोलणारा हा माणूस कोळंबीच्या ताजेपणावर अर्धा अर्धा तास बोलायला लागला.

शेवटी साहेब सपत्नीक जेवायला आले. पुरणपोळीचा बेत होता. जेवणाआधी त्यांना टाकीसमोरच्या सोफ्यावर बसवलं. मोरे टाकीतल्या प्लास्टिकच्या पाइपात होते आणि बाहेर यायचा त्यांचा काही विचार दिसत नव्हता. साहेबांनी वीस मिनिटं पाइप बघितला. पाइप चांगला आहे, असं बाईसाहेब म्हणाल्या. काटेरी मासाही कोपऱ्यात तोंड फिरवून बसला होता.

नवऱ्याने मोबाईलवर कुण्या परदेशी माणसाला हाताने ईलला भरवताना बघितलं होतं. त्याने बाह्या सरसावल्या, कोळंबी दोन बोटांत धरली आणि हात पाण्यात घातला. मी नको म्हटलं. तो म्हणाला, "ओळखतो तो मला."

ईलला दिसतं कमी, वास मात्र चांगला येतो, हे त्यानेच मला शिकवलं होतं. त्या बोटांना कोळंबीचाच वास होता. मोरे एका झटक्यात बाहेर आले आणि त्यांनी कोळंबीसकट अंगठ्याशेजारचं बोट धरलं. आश्चर्य म्हणजे नवरा ओरडला नाही. साहेबांकडे बघत, पांढऱ्याफटक चेहऱ्याने तो म्हणाला, "सोडेल तो." पाणी हळूहळू गुलाबी झालं. बऱ्याच वेळाने मोऱ्यांनी खरंच सोडलं.

साहेबांनीच गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी जखमेकडे बघून पहिला प्रश्न विचारला तो सापाच्या जातीचा. आपल्याकडे साप चावलेली माणसं त्यांना नेहमीच बघावी लागतात.

"साप नाही, मासा आहे," नवरा म्हणाला.

"नदीतली वाम?"

"मोरे ईल. समुद्रातला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "यांनी काही घेतलंय का?"

तेव्हा मला हसू फुटलं. आवरायचा प्रयत्न केला, पण ते आवरेना. साहेब बिचारे पुढे झाले आणि साक्षीदाराच्या गांभीर्याने म्हणाले, की तो पाइपातून आला, मी स्वतः बघितलं. बोटाला सात टाके पडले. माझ्या हसण्याबद्दल नवरा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. खरं सांगायचं तर तेवढे दिवस घरात क्षारता हा शब्द कानावर पडला नाही, आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

हाताला पट्टी, मी शाळेत, म्हणून मोऱ्यांना भरवायचं काम सासूबाईंकडे आलं. त्यांनी फुलके भाजायचा जुना लांब चिमटा घेतला, त्याला बाल्कनीत वेगळा खिळा ठोकून घेतला, आणि पहिले दोन दिवस तोंड फिरवून कोळंबी टाकीत धरली. तिसऱ्या दिवशी तोंड फिरवायचं बंद झालं. शेजारणीने माळेकडे बोट दाखवून टोमणा मारला, तर म्हणाल्या, की तो त्यांचा आहार हाय, आपण कोण ठरवणार.

पट्टी निघाल्यावर नवऱ्याने जाहीर केलं, की प्राणी आक्रमक आहे, पुण्याचा दुकानदार परत घ्यायला तयार आहे, येत्या रविवारी नेऊन देतो. सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"त्यांनी काय केलं? बोट तूच त्यांच्या तोंडात घातलंस."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी वह्या तपासत होते, तपासतच राहिले. रविवार आला आणि गेला.

याला आता वर्ष झालं. पाणी गाळणं, मीठ मोजणं, काच पुसणं नवरा करतो. पाहुण्यांना माहितीही तोच देतो, पण टाकीपासून दोन पावलं लांब उभा राहून. मध्यंतरी सासूबाई भाचीच्या लग्नाला आठ दिवस पाथर्डीला गेल्या तेव्हा चिमटा माझ्याकडे आला. पहिल्या दिवशी मी कोळंबी वरूनच टाकीत सोडून दिली. चौथ्या दिवशी मी शाळेतल्या कटकटी मोऱ्यांना सांगत होते.

सासूबाई परत आल्या. पिशवी खाली ठेवून आधी टाकीपाशी गेल्या आणि बराच वेळ काचेतून निरखत राहिल्या. तू लई खाऊ घातलंस, त्यांचं पोट सुटलंय, असं त्या मला म्हणाल्या. चार दिवस काही देऊ नको म्हणाल्या. मी दिलं नाही.