खाकी कागदावरची बेडफर्ड

शिरूरच्या मिशन कंपाउंडात राहणारा नथानिएल पेंटर एरवी गरीब गाय. पण त्याच्यासमोर कुणी नव्या गाडीचं कौतुक केलं की भडकलाच. "ह्यो पत्रा हाय का पापड?" स्टँडसमोर त्याचं नंबरप्लेटी रंगवायचं दुकान. रेडियमच्या पट्ट्या आल्या, धंदा बसला, आणि हा पठ्ठ्या रिकाम्या वेळात जुन्या गाड्या काढत बसला. राजदूत, लँब्रेटा, विलीज जीप. कागद कुठला, तर वह्यांना घालायचा खाकी, त्याची खरखरीत बाजू. बायको ग्लॅडिस म्हणायची, "अहो, पांढरा कागद मिळंना व्हय?" हा हसायचा. पांढऱ्यावर सगळंच काढावं लागतं. खाकीवर निम्मी गाडी आधीच असते. सावलीपुरता कोळसा, उजेडापुरता खडू, बाकी धुळीचा रंग कागदच देतो. आणि त्या काळच्या गाड्या म्हणजे धूळच की हो! काय दिवस होते ते.

अठ्ठ्याण्णव साली पुण्याच्या एका प्रदर्शनानं त्याचं चित्र मागवलं. पन्नाशीला टेकल्यावर पहिल्यांदा! त्यानं काढली यवतच्या सोपानरावांची बेडफर्ड ट्रक, गुळाच्या ढेपा वाहून म्हातारी झालेली. सोपानराव गेल्यावर ती वर्षानुवर्षं दारात उभी होती. त्या उन्हाळ्यात पोरांनी भंगारात घातली. तिची नंबरप्लेट नथानिएलनं कितीदा रंगवलेली. डाव्या मडगार्डाचा पोचा, काणा झालेला दिवा, सगळं हाताला पाठ. चित्र असं उतरलं की ग्लॅडिसनंसुद्धा पुन्हा पांढऱ्या कागदाचं नाव काढलं नाही.

तेवढ्यात सोपानरावांच्या बायकोचा, सगुणाबाईंचा, निरोप आला. "नथू, खंडेनवमीला एक दिस गाडी दारात असू दे. मग ने पुण्याला." नाही कसं म्हणणार? पोरवयापासून त्या घरची भाकरी खाल्लेली. आदल्या दिवशी चित्र पोचवून आला. जन्मभर खंडेनवमीच्या तोंडावर लोकांच्या गाड्या रंगवून दिल्या, पण त्या दिवशी दारातल्या गाडीचं काय करतात, हे नेमकं तेव्हाच ह्या बाबाच्या डोक्यात आलं नाही!

खंडेनवमीच्या संध्याकाळी यवतला पोचला, तर चित्र दाराच्या आत पाटाला टेकवलेलं. वर झेंडूची माळ. बॉनेटवर ओल्या हळदीची बोटं, त्यावर कुंकू, नारळाच्या पाण्यानं कोळशाचा नुसता चिखल. टायरखाली लिंबूसुद्धा मांडलेलं. त्याचं काळीजच फाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र पुण्यात द्यायचं होतं. त्याच्या डोक्यात सणकच गेली.

"मामी, ह्ये कुणी केलं?"

"मीच की!" सगुणाबाई खुशीत होत्या. "बघ, कशी नटलीया. मालक गेल्यापासनं गाडीला सूनच लावायची. रांडमुंड बाईला कोण हात लावू देतंय कुंकवाला? पर कागदाला कोण हटकतंय? दार लोटलं आन् लावलं."

बोलता बोलता त्यांनी हाताकडं पाहिलं. बोटं अजून लाल होती, आणि ती पदराला पुसायला त्या तयार नव्हत्या. नथानिएलच्या रागाचं पार पाणी झालं. रडूच आलं त्याला.

"घे, गुंडाळ. पुण्याची मानसं वाट बघत असतील."

"न्हाई मामी. प्रदर्शन पुढच्या वर्षावर गेलंय," तो धडधडीत खोटं बोलला. "गाडी हितंच ऱ्हाऊ द्या."

पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. ग्लॅडिस हळहळायची, कधी चिडायचीही. आणि सगुणाबाई होत्या तोवर दर खंडेनवमीला नथानिएल नवी बेडफर्ड काढून, चौफुल्याची यष्टी धरून यवतला जायचा. चित्र पाटाला टेकवायचा, बाहेर येऊन ओट्यावर बसायचा आणि मागं हात करून दार ओढून घ्यायचा.