सूर्यभानची गाणारी लाजाळू

येलदरीच्या वीजघरात सूर्यभान आणि मी एकाच पाळीत काम करायचो. तो अंगानं काटकुळा, बोलायला कमी, पण कान तयार. त्याची बायको सरजाबाई नामांतराच्या सभांतून गाणी म्हणायची आणि हा पेटीवर साथ करायचा. अठ्ठ्याहत्तरच्या जाळपोळीत गावाकडचं त्याचं घर जळालं, त्यात पेटीही गेली. सरजाबाई गात राहिली. हा मात्र नुसता बसून ऐकायचा. दुसरी पेटी घे म्हटलं की विषय बदलायचा.

पुढं काही वर्षांनी वीजघराच्या वसाहतीतल्या वाचनालयात त्याला मासिकातला एक लेख सापडला. लाजाळूला हात लावला की पानं मिटतात, त्या वेळी तिच्या देठातून विजेची बारीक लहर जाते, असं त्यात लिहिलं होतं.

"वीज हाय म्हणल्यावर तिचा आवाज काढता येतो की," सूर्यभान मला म्हणाला. "रेडिओत तरी दुसरं काय करतेत?"

आणि तो कामाला लागला. जुन्या रेडिओचे भाग जमवले, बाकीचे परभणीहून आणले. तार चांदीची पाहिजे होती. सरजाबाईनं आपलं तुटकं पैंजण काढून दिलं, मानवतच्या सोनारानं त्याची बारीक तार ओढून दिली. ती तार मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं लाजाळूच्या देठाला लावली. बटण दाबताच स्पीकर घुमायला लागला.

सगळी वसाहत बघायला लोटली. शेजारच्या कस्तुराबाईंनी तर कुंडीला हळदकुंकू वाहिलं. "माय, झाड बोलायलंय!" सूर्यभान नुसता हसत उभा होता. इतका खुशीत मी त्याला कधी पाहिला नव्हता.

एका दुपारी त्याच्या घरातला फ्यूज उडाला आणि लाजाळू गप्प झाली. यंत्र तर सेलवर चालत होतं, मग ते बंद का पडावं? सूर्यभाननं फ्यूज घातला, आवाज आला. काढला, आवाज गेला. म्हणजे इतके दिवस वाजत होती ती भिंतीतल्या तारांची घरघर. झाडाचा त्यात काही संबंध नव्हता.

गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण त्याच संध्याकाळी तो घरोघर गेला.

"माझं चुकलं. तुमी ऐकला तो आवाज झाडाचा नव्हता, घरातल्या लाइटचा होता."

"म्हंजी आमाला येडं केलं म्हणा की!" कस्तुराबाई चिडल्या.

"आधी मीच येडा झालो, कस्तुराबाई," तो म्हणाला.

एवढ्या कौतुकानंतर असं दारोदार जाऊन सांगणं मला तरी जमलं नसतं.

त्यानं पुन्हा सुरुवात केली. घरातली वीज यंत्रात शिरू नये म्हणून ते पत्र्याच्या डब्यात बंद केलं, तारांनाही पत्रा गुंडाळला. कितीतरी प्रयत्न फसले. मग एका सकाळी त्यानं मला बोलावलं. फ्यूज काढून बाजूला ठेवला होता, तरी स्पीकरमधून एक बारीक सूर येत होता. त्यानं काडीनं पानाला स्पर्श केला. पानं मिटली, सूर सर्रकन खाली घसरला आणि हळूहळू चढत पुन्हा जाग्यावर आला.

सरजाबाई आतून बाहेर आली. "अवो, हे गाणं न्हाई. कुनीतरी इव्हळतंय असं वाटतंय. तिला नीट सूर द्या की."

"तूच दे मग," तो म्हणाला.

मग ती सा, रे, ग, प, ध एकेक करून म्हणायची आणि तिच्या गळ्याला मिळेपर्यंत तो यंत्राची खुंटी फिरवायचा. झाडाची वीज चढेल-उतरेल तसा या पाचांतलाच एक सूर लागेल, अशी त्यानं जुळणी केली. लाजाळूशेजारी टमाट्याची आणि कोरफडीची कुंडी आली, प्रत्येकीला वेगळा स्पीकर. आता हातही लावावा लागत नव्हता. ऊन सरकलं, वारा सुटला, कुणी पाणी घातलं की सूर बदलायचे. तीच चाल पुन्हा कधी आली नाही.

त्या वर्षीच्या जयंतीला वसाहतीत कुंड्या मांडल्या. सरजाबाई सोबत गायला बसली, पण झाडं काही तिच्या मागं येईनात. ती थांबली, डोळे मिटून ऐकत राहिली. मग दोन सुरांच्या मधे जागा सापडेल तिथं तिनं आलाप सोडला. लोक टाळ्या वाजवायचंही विसरले.

निवृत्तीनंतर सूर्यभान कुंड्या घेऊन एसटीनं शाळाशाळांतून फिरला. मागेल त्याला सर्किट काढून दिलं. पेडगावच्या शाळेतल्या मुलींनी तर स्वतःचं यंत्र बनवून त्याला ऐकायला बोलावलं. परत आल्यावर तो घरी न जाता आधी माझ्याकडं आला.

"त्यांचं टमाटं आपल्यापेक्षा लय निवांत वाजतंय," तो सांगत होता. "पुढच्या बुधवारी तू चल. एकदा ऐकच."