पाळकसाहेबांचा किल्ट

माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका गावात शिंपी होते. आसपासच्या तालुक्यांतले पाळक त्यांच्याकडून उपासनेचे झगे शिवून घेत. सुटीत मी त्यांच्या पायाशी बसून काज-बटणं करायचे. हे मी सिंगापूरमध्ये बराच काळ कुणाला सांगितलं नव्हतं. आमचे ओळखीचे मराठी लोक बहुतेक बँकांतले, हिशेब तपासणारे, घरात दोन-दोन पदव्या असलेले. कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की मी म्हणायचे, "घरीच असते." मशीन बेडरूमच्या कोपऱ्यात चादरीखाली झाकलेलं असायचं.

नवरा तांजोंग पगारला एका बँकेत होता. मुलगी प्राथमिक शाळेत. आम्ही सेंगकांगला नवा फ्लॅट घेतला होता, तिथली एलआरटी, म्हणजे छोटी लोकल गाडी, नुकतीच सुरू झाली होती. रविवारी आम्ही ज्या चर्चला जायचो तिथले पाळकसाहेब स्कॉटलंडचे होते. वय पासष्टच्या आसपास, उंच, बोलणं हळू. त्या वर्षी त्यांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी ते पुन्हा वेदीपाशी उभे राहिले तेव्हा झगा त्यांच्या खांद्यांवरून ओघळत होता.

एका रविवारी उपासनेनंतर पाळकीणबाईंनी मला बाजूला घेतलं. चर्चच्या गायकांचे फाटलेले झगे मी दोनदा दुरुस्त करून दिले होते, ते त्यांच्या लक्षात होतं.

"तुम्ही जाड लोकरीचं काम कधी केलंय का?" त्यांनी विचारलं.

"कोट केलेत," मी म्हटलं. "वडिलांबरोबर."

मग त्यांनी सगळं सांगितलं. शहरात बॅगपाइप वाजवणारं एक पथक होतं. चिनी, मलय, शीख, दोन-चार स्कॉटिश, असे सगळे मिळून वाजवायचे. त्या पथकाने नवे ढोल घेतले होते. महिन्याभराने एका मैदानावर संचलन होणार, ढोल एकावर एक रचून ठेवणार आणि पाळकसाहेब त्यांच्यावर आशीर्वादाची प्रार्थना करणार. अशा प्रसंगी पाळकाने पूर्ण स्कॉटिश डोंगरी पोशाख करायची त्यांच्याकडे रीत आहे. पाळकसाहेबांकडे तो होता, पण कमरेला चार इंच सैल झाला होता. शहरातल्या दोन शिंप्यांनी नाही म्हटलं होतं. स्कॉटलंडला पाठवला असता तर वेळेत परत आला नसता.

"ते म्हणतात, साधा सूट चालेल," पाळकीणबाई म्हणाल्या. "नाही चालणार. हे त्यांचं इथलं शेवटचं वर्ष आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. पलंगावर सगळा पोशाख मांडून ठेवला होता. आखूड काळं जाकीट, चांदीची बटणं, जाड विणीचे मोजे, पुढे लटकवायची चामड्याची पिशवी. आणि कमरेला गुंडाळायचा किल्ट. गडद निळ्या आणि काळ्या चौकटी, मधून एक फिकट निळसर रेघ. पाळकसाहेबांनी सांगितलं की त्यांच्याकडे घराण्याघराण्याच्या चौकटी वेगळ्या असतात; पण ही चौकट कुठल्या घराण्याची नाही, धर्मसेवकांची आहे. हा किल्ट त्यांच्या वडिलांचा होता. तेही पाळकच.

इतर पुरुष या पोशाखाबरोबर पांढरा शर्ट आणि बो घालतात. पाळकाने तसं करायचं नाही. त्याची पांढरी गोल कॉलर, आणि खाली गळ्यापर्यंत बंद काळी बंडी. बाकीचे मोज्यात एक लहान सुरी खोचतात. पाळकसाहेब तीही खोचत नसत. "प्रार्थनेला उभं राहायचं आणि पायात सुरी," ते म्हणाले, "मला ते पटलं नाही कधी."

मी किल्ट उलटा करून पाहिला. पुढचे दोन पदर सपाट, मागे सगळ्या निऱ्या. आठ वार कापड. नऊवारीला एक वार कमी, हे माझ्या मनात आलं आणि थोडा धीर आला. पण नऊवारीच्या निऱ्या रोज घालता येतात, रोज सोडता येतात. या सव्वीस निऱ्या हाताने शिवून कायमच्या बसवलेल्या होत्या. प्रत्येक निरीच्या मधोमध ती फिकट रेघ येत होती, आणि निऱ्या मिटल्या की मागून चौकट अशी सलग दिसायची जणू कापडाला घडीच नाही. मी टाके मोजले. एका इंचात बारा. ज्या कुणी हे केलं होतं त्याचा हात माझ्या वडिलांसारखा होता.

पाळकसाहेब खुर्चीवरून बघत होते. "फार जुनं कापड आहे," ते म्हणाले. नाही म्हणण्याची त्यांची ती सभ्य रीत होती.

"मला एकच निरी उसवू द्या," मी म्हटलं. "नाही जमली तर होती तशी शिवून देते. मग तुम्ही सूट घाला."

त्यांनी उठून किल्टवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "घेऊन जा."

घरी आल्यावर मुलीने पिशवीत डोकावून पाहिलं. "अंकल स्कर्ट घालणार, इज इट?"

"स्कर्ट नाही. किल्ट म्हणतात."

"सेम लाह."

"सेम नाही," मी म्हटलं. "हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही त्याला."

मशीनवरची चादर काढली, पण मशीनचा उपयोग नव्हता. सगळं सुईनेच करायचं होतं. मी आधी हिशेब केला. सव्वीस निऱ्या. प्रत्येक निरी एक सूत अरुंद केली तर सव्वातीन इंच कमी होतात. राहिलेला पाऊण इंच चामड्याचे पट्टे सरकवून मिळाला असता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वडील त्याच मापाने बोलायचे.

मुलगी शाळेत गेली की मी खिडकीपाशी बसायचे. तीन दिवसांत सहा निऱ्या झाल्या. चौथ्या दिवशी शनिवार होता. नवऱ्याने किल्ट दोन्ही हातांनी वर धरला, मी खोलीच्या टोकाला जाऊन पाहिलं, मला ठीक वाटलं. मग मी धरला आणि तो लांब गेला. त्याचं आयुष्य आकड्यांच्या ओळी तपासण्यात गेलेलं. तो म्हणाला, "ही रेघ सरकलीय का?"

"कुठे?"

"इथे. या सहांमध्ये ती मधोमध नाहीये. बाकीच्यांत आहे."

त्याचं बरोबर होतं. मी सगळं कापड एकाच कडेने आत घेतलं होतं. मला रडू आलं, कापडाचं नव्हे, स्वतःचं. जे जमत नाही ते हातात घेतलं असं वाटलं. फोनकार्ड काढून मी वडिलांना फोन लावला. त्यांनी दुकान बंद करून चार वर्षं झाली होती, डोळे अधू झाले होते.

"सलाम, पप्पा," मी म्हटलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

त्यांनी आधी विचारलं, "पाळकाचा कपडा आहे?"

"हो. पण आपल्या पाळकांसारखा नाही. घागऱ्यासारखा आहे, निऱ्यांचा."

"रेघ कुठेय म्हणालीस?"

"मधोमध."

"मग रेघेला हात लावू नको. ती जागची हलता कामा नये. अर्धं सूत इकडून घे, अर्धं तिकडून. आधी कच्चा दोरा, मग पक्का."

"अर्धं सूत डोळ्याला दिसत नाही, पप्पा."

"बोटाला कळतं," ते म्हणाले. "तुझ्या बोटाला कळतं. लहानपणी कळायचं."

त्या सहा निऱ्या मी उसवल्या आणि पुन्हा सुरुवात केली. रोज दोन, कधी तीन. सगळ्या झाल्या तेव्हा माझ्या तर्जनीला टोचण्यांची जाळी झाली होती. ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली तेव्हा लोकरीचा वास फ्लॅटभर पसरला. शेजारच्या चिनी आजी दारात येऊन विचारून गेल्या की मेंढी आणली का. मग बंडीचं काम. जुनी बंडी दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. मी काळं कापड आणून नवी बेतली, गळा कॉलरला बरोबर भिडेल असा, आणि जुन्या बंडीची चांदीची बटणं काढून नवीला लावली.

पाळकसाहेबांनी पोशाख घालून बघितला तेव्हा आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत थांबलो होतो. दार उघडलं. ते आले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, कारण तपासायचं तेच होतं. मी गुडघ्यांवर बसून निऱ्या पाहिल्या. रेघेशेजारी रेघ होती, सगळीकडे सारख्या अंतरावर. पाळकीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पाळकसाहेब मान वळवून म्हणाले, "मला दिसत नाहीये. कुणीतरी सांगा."

"दोन पावलं चाला," मी म्हटलं.

ते चालले. निऱ्या उघडल्या, आतला काळा रंग क्षणभर दिसला, आणि थांबल्यावर त्या आपापल्या जागी मिटल्या.

संचलनाच्या दिवशी दुपारी चारची वेळ होती. ऊन उतरलं होतं, पण गवतातून वाफ येत होती. आम्ही तिघं खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेत बसलो. नवऱ्याने ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. पथक वाजवत आलं, ढोल मैदानाच्या मधोमध रचले गेले आणि एकदम शांतता झाली. मग पाळकसाहेब एकटेच बाजूच्या तंबूतून निघाले. आजारातून उठलेला माणूस. मी त्यांच्या पावलांकडे बघत होते, पडतील की काय म्हणून. पण ते ताठ चालले, आमच्या समोरून गेले आणि पाठमोरे झाले. त्या सगळ्या मैदानावर त्या घडीला मला फक्त एक पाठ दिसत होती. मुलीने माझं बोट धरलं होतं. ती म्हणाली, "ममा, स्ट्रेट आहे. ऑल स्ट्रेट."

त्यांनी प्रार्थना केली. जे ढोल वाजवतील त्यांच्यासाठी आणि ज्यांच्यासाठी वाजतील त्यांच्यासाठी. आवाज शेवटपर्यंत हलला नाही.

नंतर चहाच्या तंबूत एक वयस्कर स्कॉटिश गृहस्थ पाळकसाहेबांभोवती दोनदा फिरले. ते निवृत्त सैनिक होते, किल्ट घालण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं, "हा कुणाकडून करून आणलास? एडिनबराहून?"

"सेंगकांगहून," पाळकसाहेब म्हणाले, आणि त्यांना घेऊन आमच्याकडे आले. "या बाईंनी."

त्या गृहस्थांनी आधी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही हे कुठे शिकलात?"

आजूबाजूला पाच-सहा माणसं होती. त्यांत नवऱ्याच्या बँकेतले एक वरिष्ठही होते, पथकाला मदत करणारे. मला उत्तर जुळवावं लागलं नाही.

"माझे वडील शिंपी आहेत," मी म्हटलं. "पाळकांचे कपडे शिवायचे. मी त्यांच्याकडे शिकले."

गृहस्थांनी हात पुढे केला. मी हात मिळवला तेव्हा त्यांनी माझं टोचलेलं बोट पाहिलं आणि मान हलवली, एका कामकरी माणसाने दुसऱ्याला ओळखावं तशी.

नवऱ्याने त्या दिवशी पाळकसाहेबांचा मागून एक मोठा फोटो काढला होता. तो आम्ही वडिलांना पाठवला. गावी असलेल्या माझ्या भावाने नंतर सांगितलं की त्यांनी तो उन्हात नेऊन भिंगाखाली सकाळभर पाहिला, आणि मग खिशात घालून गावातल्या पाळकांकडे, डाकघरात, जुन्या गिऱ्हाइकांकडे फिरले. मला मात्र फोनवर एवढंच म्हणाले, "डावीकडून एकोणिसावी निरी केसभर हललीय."

"हो, पप्पा," मी म्हटलं. मला ते माहीत होतं. दुसऱ्या कुणालाच दिसलं नव्हतं.

पुढच्या वर्षी पाळकसाहेब आणि पाळकीणबाई मायदेशी परतले. त्याआधी पथकाच्या लोकांनी आपले चौदा किल्ट दुरुस्तीला माझ्याकडे आणले. आमच्या हॉलमध्ये एक धिप्पाड शीख ढोलवाला स्टुलावर उभा राहायचा आणि मी टाचण्या तोंडात धरून त्याच्याभोवती फिरायचे. दार उघडं असायचं, कॉरिडॉरमधून जाणारी माणसं थबकून बघायची. आमच्या मराठी मंडळींतल्या एक बाई चोआ चू कांगहून मुलीचा घागरा घेऊन आल्या, त्या दिवशी त्यांना अर्धा तास थांबावं लागलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही कधीपासून करता हे?"

"लहानपणापासून," मी म्हटलं, आणि ढोलवाल्याला सरळ उभं राहायला सांगितलं.