समुद्रावरचे बारा आरसे

लाइफबोटीच्या कव्हरमधून धूर निघत होता आणि आम्ही सगळे मेसमध्ये जेवत होतो. आधी वास आला, मग अलार्म वाजला.

जागा म्हणजे भर समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म. लोखंडी पायांवर उभा केलेला कारखानाच. तिथल्या बॉयलरचं डिझेल वाचावं म्हणून आम्ही नागपूरहून बारा मोठे आरसे नेले होते. मोटरवर चालणारा प्रत्येक आरसा सूर्याबरोबर हळूहळू फिरतो आणि ऊन एकाच पेटीवर टाकतो. त्या पेटीला रिसीव्हर म्हणतात. तिच्यात पाण्याची वाफ होते. पहिल्या दिवशी बारा उन्हं एका जागी आली, तेव्हा पेटीकडे काळ्या चष्म्यातूनही बघवेना. ड्रिलिंगवाले हातातलं काम टाकून उभे राहिले. मी जन्मभर नागपूरचं ऊन खाल्लेला माणूस. पण ऊन म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

आग लवकर विझली. ती लागायचं कारण साधं होतं. जेवणाच्या सुट्टीत मोटर बंद केली होती. आरसे थांबले, सूर्य थांबला नाही. उजेडाचा ठिपका पेटीवरून सरकत लाइफबोटीवर गेला.

नागपूरबाहेर माळावर चाचणी घेताना आम्ही असंच करायचो. तिथे ठिपका मुरमावर उतरायचा. फार तर गवत जळायचं. आमचा फिटर शालिकराम तेव्हाच म्हणाला होता, "साहेब, जेवाले जाताना आरसे पालथे करत जाऊ."

"काहून गा?" मी म्हणालो. "अर्धा तास जाते त्यात."

"इथं माती आहे म्हणून चालून राहिलं. तिथं माती कुठून आणसान?"

सगळे हसले. 'आरसे पालथे करा' ही मॅन्युअलमधली ओळ मीच खोडली.

आगीच्या चौकशीत प्लॅटफॉर्मच्या मॅनेजरने मला विचारलं, "मोटर कोणी बंद केली?"

"शालिकरामने."

"आरसे पालथे केले होते?"

"नाही."

दोन्ही उत्तरं खरी होती. त्यांनी मॅन्युअल मागितलं नाही, मी दाखवलं नाही. शालिकराम समोरच उभा होता. पुढच्या हेलिकॉप्टरने त्याला परत पाठवलं आणि त्याची नोकरी गेली.

बऱ्याच वर्षांनी, यंदा, मी खोडलेल्या पानाची प्रत जोडून कंपनीला पत्र लिहिलं. फाइल बंद झाली आहे, असं उत्तर आलं. मग नरखेडकडे त्याच्या गावी गेलो. संत्र्याच्या बागेत बसून त्याला सगळं सांगितलं.

"मले माहीतच होतं ना साहेब," तो म्हणाला. "माह्या पोरीले नाही माहीत. तिले सांगा."

तिला हाक मारून त्याने समोर बसवलं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मंग इतके वर्षं काहून गप्प होते तुम्ही?"



ते आरसे अजून चालतात. ती ओळ मॅन्युअलमध्ये परत छापली आहे. मॅन्युअलमधली ओळ खोडली, की शेजारी सही करावी. मी केली नव्हती.