गुंडूमामांच्या लाल चिंध्या

गुंडूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या नोकरीच्या गावी, अहमदपूरच्या बसस्थानकावर लातूरच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. फोन माझ्या थोरल्या चुलत भावाचा, म्हणजे आमच्या गावच्या सरपंचाचा. "गुंडूमामा गेला बघ. सकाळी नदीत पाय घसरला," एवढं त्याने एका दमात सांगितलं. कसे गेले, हे मी अजून विचारलंही नव्हतं. मरणाची बातमी देणारा माणूस आधी रडतो, नाहीतर आधी अडखळतो. याने आधी कारण सांगितलं. गाडी लागली, लोक चढले, गाडी निघून गेली, आणि मी तसाच उभा राहिलो. मामांचा पाय मांजरा नदीत घसरत नाही, हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. आणि तो पाय नेमका कशामुळे गेला, हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं...

पुरवणीत अशा लेखात गेलेल्या माणसाचे गुण सांगतात आणि शेवटी हात जोडतात. मी हात जोडणार नाही. मामांना जाऊन दीड महिना झाला. या दीड महिन्यात मी रडलो कमी आणि दात जास्त खाल्ले. वाचणाऱ्याला ते खटकलं तर खटको.

निलंग्याच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून, मांजरेच्या काठावर आमचं गाव. गावासमोर नदीच्या दोन धारा होतात आणि मधे वाळूचं एक लांबट बेट राहतं. आता 'राहायचं' असं लिहायला हवं. पुराची पहिली धडक ते बेट घ्यायचं, मग उरलेलं पाणी गावाला लागायचं. गुंडूमामा जातीने भोई, नात्याने अख्ख्या गावाचे मामा. हिवाळ्यात बेटावर टरबुजाची वाडी लावायची, पावसाळ्यात जाळं, आणि उन्हाळ्यात पाखरांची राखण. ही राखण त्यांना कुणी सांगितलेली नव्हती. बेटाच्या उगवतीकडच्या टोकाला उन्हाळ्यात करड्या पाठीची, पिवळ्या चोचीची पाखरं यायची आणि उघड्या वाळूत अंडी घालायची. घरटं म्हणजे नुसता खळगा. अंडीही वाळूच्याच रंगाची. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. मी पुस्तकात शोधून मामांना सांगितलं की या पाखराला सुरय म्हणतात. मामा म्हणाले, "तुम्ही नाव सांगा गुरुजी, मी तेचं घर दावतो." आणि खरंच, वीस पावलांवरून बोट करून ते एकेक खळगा दाखवत गेले. मला एकही दिसला नाही.

प्रत्येक खळग्यापाशी ते बांबूची एक कामटी रोवायचे आणि तिच्या टोकाला लाल चिंधी बांधायचे. चिंध्या मामींच्या जुन्या लुगड्यांच्या. मामी कुरकुरायच्या की माझं लुगडं फाटायच्या आधीच हे फाडतात. पण त्या चिंध्यांचा अर्थ दोन्ही काठांना कळत होता: इथं पाय टाकू नका. होळीपासून मिरगापर्यंत बेटाच्या त्या टोकाला म्हैस जायची नाही, जाळं जायचं नाही, वेल जायचा नाही, असं मामांनी आमच्या काठाच्या वाडीवाल्यांकडून आणि पलीकडच्या कानडी भोयांकडून कबूल करून घेतलं होतं. अर्धं कानडी, अर्धं मराठी आणि उरलेलं हातवारे करून. जो मोडेल त्याने महादेवाला नारळ फोडायचा आणि दोन्ही काठांना खोबरं वाटायचं. दंड म्हणून नारळ तो काय, पण खोबरं हातावर पडलं की प्रत्येक जण विचारायचा, "काय रे, कोणाच्या डोक्यावर पाय दिलास?" त्या लाजेने लोक वठणीवर यायचे. हे सारं त्यांनी एका कागदाशिवाय उभं केलं. कागदाचं काम निघालं की माझ्याकडे यायचे. ते सांगायचे, मी लिहायचो, ते अंगठा द्यायचे आणि खाली 'अर्ज लिहिणार' म्हणून मी सही करायचो. मामांना अक्षर येत नव्हतं, पण माझी सही ते ओळखायचे. शेवटच्या फराट्यावर बोट ठेवून म्हणायचे, "हे तुमचं शेपूट."

बेटावर जायला नाव लागायची नाही. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून एक उतार होता. मामांनी मला लहानपणी शिकवलं होतं, की पाण्याकडं बघायचं न्हाई, पलीकडच्या चिंचेकडं बघायचं आणि सरळ चालायचं. पाणी फसवतं, चिंच फसवत न्हाई. पन्नास वर्षं ते त्या चिंचेवर नजर ठेवून चालले. भर वैशाखात एकदा मला घेऊन गेले आणि उपरणं ओलं करून माझ्या डोक्यावर टाकलं. मग म्हणाले, बघा आता. एक सुरय नदीवर उतरली, पोट पाण्यात बुडवून उठली आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसली. "अंडी शिजू ने म्हणून," मामा म्हणाले, "दिसभर हेच करत राहतेत." 

आता माझं सांगतो.

आमच्याकडे येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी गावात कुणी थांबत नाही. अख्खं गाव शेतात, कडब्याच्या कोपीत पांडव पुजायचे, आंबील, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आणि ज्याला त्याला ओढून जेवायला बसवायचं. गावात कुलपं, रस्त्यावर शुकशुकाट. गेल्या येळवसला मी मुलाबाळांसह गावी आलो होतो. मामा आमच्या कोपीत येऊन आंबील पिऊन गेले, आणि ते बांधाआड होतात न होतात तोच ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन आला. हीही आमच्याकडची जुनी रीत. ग्रामसभेला माणसं जमत नाहीत, गणपूर्ती होत नाही, म्हणून हजेरीच्या सह्या घरोघर फिरून आधी घ्यायच्या आणि वर मोकळी जागा सोडायची. काय ठरलं ते मागून लिहायचं. येळवसला सगळे एका जागी खुशीत बसलेले सापडतात, म्हणून रजिस्टर शेतांतून फिरत होतं. सरपंच माझा भाऊ. मी डाव्या हाताने भज्जीची पत्रावळ सावरली आणि उजवा हात धोतराला पुसून सही केली. वर कोरी जागा होती. मी पाहिली. मी मास्तर आहे. कोऱ्या जागेखाली सही करू नये हे मी पोरांना शिकवतो. तरी केली, कारण सगळेच करतात आणि भज्जी गार होत होती.

त्या कोऱ्या जागेत ठराव आला: बेटावरची वाळू उपसायला गावाची हरकत नाही.

वाळूघाटाच्या लिलावाला ग्रामसभेचा ठराव लागतो. ठेकेदाराला तो मिळाला. मामांनी मला अर्ज लिहायला लावून हरकत घेतली, तेव्हाही माझी सही त्याच ठरावाखाली आहे हे मला कळलं नव्हतं. निलंग्याच्या तहसील कचेरीत सुनावणीला आम्ही दोघं एस.टी.ने गेलो. तिथल्या कारकुनाने ठरावाची नक्कल पुढे सरकवली आणि मामांनी सह्यांवरून बोट फिरवलं. एका सहीवर ते थांबलं. शेपूट ओळखलं त्यांनी. माझ्याकडे पाहिलं नाही. कारकुनाला म्हणाले, "साहेब, हेच्यावरची तारीख वाचा की." कारकुनाने वाचली. ग्रामसेवक परजिल्ह्यातला, त्याला काय ठाऊक. ज्या दिवशी सह्या झाल्या तीच तारीख त्याने ठरावावर टाकली होती. मामा हसले. "येळवस हाय ही. त्या दिशी गावात कुत्रं बी नसतं, सभा कुठली भरती?"

कारकून आमच्याच भागातला. त्यालाही ते पटलं. हळूच म्हणाला की सही करणाऱ्यांपैकी एकाने जरी लिहून दिलं, की त्या दिवशी सभा झाली नाही, मी शेतात सही केली, तर ठराव टिकत नाही. परतताना गाडीत मामा खिडकीकडे तोंड करून बसले होते. गाव जवळ आलं तेव्हा एवढंच म्हणाले, "भज्जी लई चांगली झाली हुती न्हाई, गुरुजी?"

मला त्या गाडीच्या चाकाखाली जावंसं वाटलं. पण एवढं वाटूनही मी लिहून दिलं नाही. बाकीच्या सह्या करणाऱ्यांना ठेकेदाराची भीती होती. मला भीतीसाठी चांगली चांगली कारणं होती. भाऊ सरपंच, त्याच्यावर बालंट येईल. मी सरकारी शिक्षक, खोट्या सभेला सही केल्याची चौकशी लागेल. परीक्षा जवळ आल्या होत्या. मामा दोनदा अहमदपूरला आले. पहिल्यांदा मी "बघू" म्हणालो. दुसऱ्यांदा "परीक्षा होऊ द्या" म्हणालो. ते चहा पिऊन उठले आणि दारात चपला घालताना म्हणाले, "पाखरं काय तुमची परीक्षा व्हायची वाट बघत न्हाईत, गुरुजी. होळी झाली की येतेत." त्यानंतर ते आले नाहीत.

चैत्रात यंत्रं आली. उगवतीचं टोक आधी गेलं. वाळू उपसताना त्यांनी उतारही सोडला नाही. मामांच्या पायाखालच्या वाटेवर पुरुषभर खड्डा केला. वैशाखाच्या अखेरीला वरच्या बंधाऱ्यातून पाणी सुटलं, गढूळ झालं, आणि रोज रात्री सरकणारी खड्ड्याची कड दिसेनाशी झाली. उरलेल्या चार खळग्यांपर्यंत पाणी चढेल म्हणून मामा सकाळी कामट्यांची मोळी काठावर ठेवून, अंडी उंचावर हलवायला मोकळ्या हातांनी निघाले. काठावरच्या बायकांनी पाहिलं: ते नेहमीसारखे चिंचेकडे बघत सरळ गेले आणि मधेच दिसेनासे झाले. ना हात वर आला, ना हाक... पंचनाम्यात लिहिलंय, 'पाय घसरून अपघाती मृत्यू.' पंच म्हणून कुणाच्या सह्या आहेत ते मी विचारलं नाही. त्याही कोऱ्या जागेखालीच केल्या असतील.

तेराव्याला चौकात मोठा फलक लागला: निसर्गप्रेमी गुंडूमामांना भावपूर्ण श्रद्धांजली. त्यावर ठेकेदाराचा फोटो मामांच्या फोटोच्या दुप्पट. तो स्वतः आला, मामींपुढे वाकला, माझा हात हातात घेऊन म्हणाला, "माणूस लई मोठा हुता, गुरुजी." मी हात काढून घेतला नाही. तेवढ्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही, आणि त्या हाताबद्दल त्याला कधी करणार नाही. त्या दिवशी मामींनी सगळ्यांना पाणी दिलं, मला विचारलं नाही.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी मी निलंग्याला जाऊन लिहून दिलं. येळवस, शेत, पत्रावळ, कोरी जागा, शिपाई, भाऊ, सगळं. त्याच कारकुनाने ते घेतलं आणि शिक्का मारला. त्याच दुपारी भावाचा फोन आला.

"अरे, तू येडा हाईस का? ह्यात तू बी अडकतोस."

"हाव, अडकतो. पण एकटा न्हाई अडकत."

 तो म्हणाला, आपल्या आज्याची शपथ आहे तुला. मी म्हणालो, शपथेचं आता मला सांगू नको. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. मला नोटीस आली आहे, भावाला आली आहे, ठेकेदारालाही आली आहे. माझी नोकरी राहील की नाही, माहीत नाही. ठराव रद्द झाला तरी बेट परत येणार नाही, मामा तर नाहीच. मग कशासाठी, असं माझी बायको विचारते. न्यायासाठी, असं मी आधी म्हणायचो. आता खरं सांगतो. त्या ठेकेदाराने तहसीलच्या बाकावर माझ्याशेजारी बसावं, नाव पुकारण्याची वाट पाहावी, घाम पुसावा, आणि येळवसला सभा कुठे भरली होती हे त्याला सगळ्यांसमोर सांगता येऊ नये, एवढं मला बघायचं आहे. मामांनी नारळावर सोडलं असतं. मी मामा नाही.

जबाब दिल्याचं गावात कळलं त्यानंतरच्या रविवारी मी मामींकडे गेलो. या वेळी त्यांनी तांब्या पुढे केला. मग आत जाऊन कामट्यांची ती मोळी आणली, काठावर राहिलेली, आणि माझ्यापुढे टाकली. "तुमच्याच शेपटानं गेले ते," त्या म्हणाल्या, "आता हे तुम्हीच रोवा."

पाणी ओसरलं होतं. मी उतारावर गेलो, मामा जिथे दिसेनासे झाले त्या खड्ड्याच्या कडेला एक कामटी रोवली आणि चिंधी घट्ट बांधली. पुढच्या रविवारी गेलो तर ती उपटून फेकलेली होती. मी दुसरी रोवली. तीही उपटली. आता दर रविवारी अहमदपूरहून पहिल्या गाडीने निघतो, काठावर उभा राहतो, पाण्याकडे न बघता चिंचेकडे बघत खड्ड्यापर्यंत जातो आणि नवी रोवतो. कोण उपटतो ते गावाला माहीत आहे, मलाही आहे. त्याने उपटत राहावं. मोळी माझ्या खोलीत दाराशी उभी आहे, आणि मामींनी परवा आणखी एक लुगडं फाडलं.