हनुवटीला टेकलेली गिटार

दिग्रसच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. दरवर्षी एक धडा येतो. चुंबक हलवला की शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते. मी फळ्यावर चुंबक काढते, वेटोळं काढते, बाण काढते. मुलं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत जसंच्या तसं काढून दाखवतात. त्या आकृतीतून कधी काही ऐकू येईल असं मला वाटलं नव्हतं.

आमच्या गॅदरिंगला अमरावतीहून वाद्यवृंद आला होता. कार्यक्रमाआधी मंचावर त्यांची इलेक्ट्रिक गिटार खुर्चीला टेकवून ठेवली होती. मी सहज जवळ गेले. सबंध भरीव फळी होती ती. मधे भोक नाही, आत पोकळी नाही. वाजवणाऱ्या मुलीला मी विचारलं, "हिला पोटच नाही, मग आवाज कुठून येतो?"

तिने तारांच्या खालच्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं. "मॅडम, याच्या आत लहान लहान चुंबक आहेत आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या तारेची वेटोळी. वरची पोलादी तार हलली की खाली करंट तयार होतो. बाकी काही नाही."

बाकी काही नाही! माझा धडा त्या पट्टीत बसलेला होता. कार्यक्रमात कोणती गाणी झाली ते मला आठवत नाही. मी त्या पट्टीकडेच पाहत होते.

पुढे शोधता शोधता कळलं की अशी गिटार सुट्या भागांत मिळते, घरी जोडायची असते. मी मागवून टाकली. मला गिटार वाजवता येत नव्हती, आणि वाजवायची होती असंही नाही. ती कशी बोलते ते पाहायचं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत खोका आला. सासूबाईंनी तो माझ्यासोबतच उघडला. आतून निघाली कच्च्या पांढरट लाकडाची दोन शिंगांची फळी, एक लांब दांडी, खुंट्या, स्क्रूच्या पुड्या, आणि प्लास्टिकच्या पत्र्यावर बसवलेल्या, मंचावर पाहिली होती तशाच तीन काळ्या पट्ट्या.

"कायले आणली वं ही फळी?" सासूबाई म्हणाल्या. "पाट बनवतं का?"

"गिटार आहे. जोडायची आहे."

"मंग जोडलेलीच आणाची न."

मी स्क्रूच्या पुड्या मोजायला घेतल्या.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, तेवढ्यात पेपर ठेवून आले. ते कोर्टात नोकरीला होते, निवृत्त होऊन बराच काळ झाला. तरुणपणापासून गावातल्या भजन मंडळात पेटी वाजवायचे. पण कान हळूहळू गेले. आधी मागून बोललेलं ऐकू येईना, मग समोरून बोललेलं. मंडळात त्यांची पेटी गाण्याच्या मागेपुढे व्हायला लागली, तेव्हा कोणी काही म्हणायच्या आतच त्यांनी जाणं सोडलं. वय झालं की असंच होतं, हे त्यांनीही धरलं होतं आणि आम्हीही. घरात त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं किंवा हातवारे करायचे. सासूबाईंचा आवाज त्यामुळे कायमचा चढलेला. शेजारच्यांना वाटायचं आमच्याकडे रोज भांडण चालतं.

मामाजींनी फळी उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"याचा भोपळा कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

तंबोऱ्याला असतो तो भोपळा. मी मान हलवली, नाही म्हणून.

"भोपळ्याबिगर कसं वाजन हे?"

मी हात वर केले, म्हणजे तेच तर पाहायचंय. त्यांना ते आवडलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मी पॉलिश पेपरने लाकूड घासायला बसले, तर ते खुर्ची ओढून आले आणि दुसरा तुकडा हातात घेतला. मी गोल गोल घासत होते. त्यांनी माझा हात धरला. "आडवं नाई. लाकडाच्या रेघेनं घास." मग आम्ही दोघं रेघेने घासत राहिलो. या कामाला ऐकू येण्याची गरज नव्हती. मधेच ते फळीवरून तळवा फिरवत, डोळे मिटून खडबडीत जागा शोधत, मग तिथे माझं बोट नेऊन ठेवत. इतका वेळ आम्ही दोघं एकत्र कधी बसलो नव्हतो.

रंग लावण्याआधी सगळं एकदा कोरडंच जोडून पाहायचं असतं. दांडी सरळ बसते का, तारा दांडीवरच्या धातूच्या पडद्यांना घासतात का, हे तपासून मग पुन्हा उकलायचं. मी दांडी चार स्क्रूंनी आवळली, तारा ओढल्या, खुंट्या पिळल्या. खाली तारा जिथे टेकतात तिथले बारीक स्क्रू फिरवून त्यांची उंची जमवायची होती, पण गिटार टेबलावरून सारखी सरकायची. मी मामाजींना खुणेने धरायला सांगितलं. त्यांनी खुर्चीत बसून ती उभी गुडघ्यांत पकडली, आणि हलू नये म्हणून वरच्या शिंगावर हनुवटी रोवली.

मी स्क्रू फिरवला आणि सगळ्यात जाड तार छेडली.

मामाजी एकदम ताठ झाले. मला वाटलं, तार लागली की काय.

"काय केलं तू?"

मी तारेकडे बोट दाखवलं.

"परत कर."

मी पुन्हा छेडली. गिटार अजून कशालाच जोडलेली नव्हती. वीज नाही, स्पीकर नाही. मला स्वतःला हातभर अंतरावरून ती जेमतेम ऐकू येत होती.

"अवं, आयकू येऊन राह्यलं मले," ते म्हणाले. मग हनुवटी उचलून म्हणाले, "आता वाजव." मी वाजवली. त्यांनी मान हलवली. काहीच नाही. पुन्हा हनुवटी टेकवली. "आता." मी वाजवली. त्यांचे डोळे मोठे झाले. "आतून येते! डोक्याच्या आतून येते!"

मग त्यांनी मला हलूच दिलं नाही. ही तार, ती तार, पुन्हा पहिली. दुसरी तार छेडल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. "उतरली हाय. चढव." मी खुंटी पिळली. "अजून. अजून जरा. बस." मोबाईलवर तपासलं तर तार पहिलीशी स्वच्छ पंचमात लागली होती. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पीठ लागलेल्या हातांनी उभ्या होत्या. त्या आपल्या नेहमीच्या आवाजात काही विचारायला गेल्या आणि मधेच थांबल्या. मामाजी शिंगावर हनुवटी ठेवून, डोळे मिटून, तोंडातल्या तोंडात सा लावत होते.

ध्वनी घन पदार्थातून चांगला जातो, हे मी किती वेळा शिकवलं असेल. कान गेलेल्या माणसाला हाडातून ऐकू येतं, याचा अर्थ काय, हा प्रश्न मात्र मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. ऐकणारी जागा शाबूत असेल आणि फक्त तिथवरचा रस्ता बंद असेल, तर?

सुट्टी संपल्यावर मी प्रयोगशाळेतून नादकाटा घरी आणला. रबरावर आपटून तो मामाजींच्या कानासमोर धरला. काही नाही. मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला. ते दचकलेच.

"आला?" मी ओरडून विचारलं.

"आला न." मग थोडं थांबून, "पांढरी एक हाय. पण जराशी उतरलेली."

पांढरी एक म्हणजे पेटीची पट्टी. मी काट्यावरचा आकडा पाहिला: दोनशे छप्पन्न, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं. पेटीची पांढरी एक याहून किंचित वर असते. कित्येक वर्षांत एक सूर धड न ऐकलेला माणूस मला सांगत होता की माझ्या प्रयोगशाळेतला काटा उतरलेला आहे.

यवतमाळला कानाच्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर मामाजी तयार होईनात. "आता या वयात काय नवे कान लावतं?" मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बरं करायला नको. हाडातून का ऐकू येतं, ते विचारायला जाऊ.' त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. "हे विचारलं पाह्यजे," म्हणाले आणि इस्त्रीचा सदरा काढून ठेवायला सांगितला.

डॉक्टरबाईंनीही नादकाटाच काढला, तेव्हा मामाजी माझ्याकडे बघून हसले. मग यंत्रावरच्या तपासण्या झाल्या. बाईंनी कागदावर कान काढून दाखवला. पडद्याच्या आत एकमेकांना जोडलेली अगदी लहान हाडं असतात. त्यातलं एक गंजलेल्या बिजागरीसारखं आखडलं होतं, त्यामुळे बाहेरची कंपनं आत पोचत नव्हती. आतली नस वयाच्या मानाने चांगली होती. ऑपरेशन होऊ शकतं, किंवा साधं यंत्र लावूनही बराच फरक पडेल, असं त्या म्हणाल्या. मामाजींनी ती आकृती घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "चिरफाड नको. यंत्र द्या."

यंत्र मिळालं त्या दिवशी आम्ही एसटीने परत येत होतो. बस सुटली आणि मामाजींनी खिडकीची काच हाताने दाबून धरली.

"ही इतकी वाजते?"

"नेहमीच वाजते," मी म्हटलं. न ओरडता म्हटलं, आणि त्यांनी मान डोलावली. त्यांच्याशी साध्या आवाजात काय बोलतात, याची सवयच नव्हती. दारव्हा मागे पडलं तेव्हा ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "मांगच्या सीटवरची बाई जावयाच्या चुगल्या करून राह्यली." पुढचा सगळा रस्ता ते मागे कान देऊन बसले होते. जावयाचं काय झालं ते ऐकत असावेत.

घरी सासूबाईंनी दार उघडलं आणि सवयीने ओरडल्या, "मशीन लागली काय?"

मामाजींनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "लागली. हळू बोल वं, फुटन ते."

"म्हंजे इतके वर्ष मी उगाच घसा फाडून राह्यली?" सासूबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मी पाहायला गेले नाही.

गिटार तोवर सुटीच पडली होती. मामाजींच्या आग्रहाने तिला रंग न देता लाखेचं पॉलिश केलं. सासूबाईंनी बोळ्यासाठी जुन्या सुती लुगड्याचा तुकडा दिला. हात फिरेल तसं पांढरट लाकूड मधासारखं दिसायला लागलं. पॉलिश वाळल्यावर मी वायरी सोल्डर केल्या, सगळं जोडलं, वायर छोट्या स्पीकरच्या डब्यात घातली आणि बटण दाबलं.

घूं घूं घूं.

तार वाजत होती, पण तिच्या मागे भुंगा बसल्यासारखा आवाज चालूच. मामाजी यंत्र सारखं करत म्हणाले, "हे माह्यात हाय का त्याच्यात?"

"त्याच्यातच आहे."

मी स्पीकर बदलला, प्लग उलटा केला, दुसऱ्या खोलीत नेऊन पाहिलं. भुंगा तसाच. दोन-तीन संध्याकाळी अशाच गेल्या. मामाजी समोर बसून ऐकायचे. त्यांना आता सगळंच ऐकायचं होतं, खराब आवाजसुद्धा. शेवटी तेच म्हणाले, "तू वायर धरतं तिथल्या लोखंडाले हात लागला का ते बंद होते. तारेले लागला तं नाई होत."

मी पुन्हा करून पाहिलं. वायर जिथे खुपसतात तिथल्या धातूला बोट लावलं, भुंगा गप्प. तारांवर पंजा ठेवला, चालूच. म्हणजे तारा अर्थिंगच्या वायरशी जोडलेल्याच नव्हत्या! मागचं झाकण उघडलं. तारांना मागून ताणून धरणाऱ्या स्प्रिंगांच्या पट्टीखाली एक काळी वायर सुटून पडली होती. मी सोल्डरचा थेंब घाईत ठेवला होता, तो धरलाच नव्हता. तिथे पट्टी घासून, नीट तापवून वायर पुन्हा जोडली. बटण दाबलं, तारांवर हात ठेवला, आणि खोली शांत झाली. मग मी हात उचलून एक तार छेडली. फळ्यावरची आकृती बोलली. मी ती तार इतक्यांदा वाजवली की सासूबाईंनी आतून विचारलं, एवढंच येते का त्याले?

खरं तर मला तेवढंच येत होतं. मामाजींनी त्यावर उपाय काढला. त्यांनी सगळ्या तारा सा आणि पंचमात लावून घेतल्या आणि मला एकामागून एक, सावकाश छेडत राहायला सांगितलं. तंबोराच झाला तो. पेटी माळ्यावरून निघाली, भात्यातलं झुरळ निघालं, आणि एका गुरुवारी आम्ही दोघं मंडळात गेलो.

तिथले सगळे त्यांच्याच वयाचे. एकाने गिटारकडे पाहून विचारलं, "काहो, पोरीले सिनेमात धाडता काय?" मामाजी म्हणाले, "तंबोरा हाय. करंटवाला." मी स्पीकरचा आवाज अगदी बारीक ठेवला आणि तारा छेडायला लागले. खंजिरी सुरू झाली. मामाजी सुरुवातीला चाचरले. यंत्रातून पेटी त्यांना पत्र्यासारखी ऐकू येत होती, असं ते नंतर म्हणाले. दुसऱ्या भजनात त्यांनी डोळे मिटले. मध्ये एकदा माझी तार चुकली, तर भजन न थांबवता त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली, चुकलं म्हणून.

परत आल्यावर सासूबाईंनी चहा ठेवला आणि कोण कोण आलं होतं, काय काय झालं, असं विचारायला सुरुवात केली. मामाजींनी कानातलं यंत्र काढलं, रुमालाने पुसलं आणि डबीत ठेवून डबी बंद केली.

"दिवसभर आयकलं," ते म्हणाले. "आता बोला तुम्ही दोघी."

आणि चहाचा कप घेऊन अंगणात जाऊन बसले.